वास कधी येतो?

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन रस्ते आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. फाटा म्हटला की गॅरेजं आलीच. टायरवाला, पाटेवाला, वायरमन, रेडिएटरवाला, डिझेल पंपवाला, सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. इथल्या एखाद्या जाणत्या मेस्त्रीकडे कुणी ड्रायव्हर 'गाडीतनं जळाल्यावानी वास येतोय' म्हणत आला, तर मेस्त्री लगेच बॉनेट उघडायला उठत नाही. वास कुठून येतो असंही विचारत नाही, कारण ते ड्रायव्हरला सांगता येणं कठीण. बॉनेटखालचा वास डॅशबोर्डाच्या फटींतून आत येतो, चाकाचा खिडकीतून येतो, आणि घाटात पुढे चाललेल्या ट्रकचा वास तर हमखास आपलाच वाटतो. मेस्त्री विचारतो, 'कधी येतो?'

चढाला येतो की उताराला? भरल्या गाडीला की रिकाम्या? सेल्फ मारल्या मारल्या, की तासभर चालल्यावर? दिवे लावल्यावर वाढतो का? एवढ्या चौकशीत निम्मी गाडी संशयातून सुटते. फक्त दिवे लावल्यावर येणाऱ्या वासासाठी कुणी गिअरबॉक्स उतरवत नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण पिकअपच्या मालकांशी बोलत गेलं की लक्षात येतं, यांचे पुष्कळसे पैसे हा प्रश्न कुणी न विचारल्यामुळेच गेलेत. वास आला, क्लचप्लेट बदलली. पुन्हा आला, लायनर बदलले. तिसऱ्यांदा आला तेव्हा गाडी विकायला काढली.

जुन्नर तालुक्यात पिकअप शेतीच्या अवजारात मोडते. टाटा ४०७ आली १९८६ साली, छोटा हत्ती २००५ साली. त्या दोघांच्या मधली जागा बोलेरो आणि तिच्यासारख्या पिकअपनी धरली. सव्वा ते दोन टन माल, खराब रस्ता, आणि पार बांधापर्यंत जायची तयारी. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव वीस किलोच्या क्रेटवर निघतो, आणि रिकामा प्लॅस्टिकचा क्रेटच दीड-दोन किलोचा असतो. म्हणजे १,७०० किलोची गाडी कागदावर पंचाहत्तर-ऐंशी क्रेटला भरली. प्रत्यक्षात किती थर चढतात ते संध्याकाळी महामार्गाच्या कडेला उभं राहून कुणालाही मोजता येईल. २०२३ च्या जुलैत हाच क्रेट दोन हजारांच्या वर गेला, तेव्हा एका पिकअपच्या हौद्यात दीड लाखाहून जास्त रुपयांचा टोमॅटो असायचा. अशा गाडीचा ड्रायव्हर वास आला म्हणून मध्येच थांबत नाही. मुंबईकडचे बाजार पहाटे भरतात. उशिरा पोचलेला माल पडेल भावात जातो, आणि त्याचा ठपका ड्रायव्हरवर येतो.

या मुलखाची आणखी एक खोड आहे, ती वास ओळखताना फार उपयोगी पडते. इथून कल्याणकडे जाणारा माल माळशेज घाट उतरतो. भरली गाडी खाली जाते, रिकामी वर येते. त्यामुळे घाटात येणारा वास बहुधा ब्रेकचा असतो, आणि क्लच जळतो तो घाटात नाही, शेतात. पावसाच्या तोंडाशी टोमॅटो निघत असतो. पांदीत गुडघाभर चिखल. माल भरायला सोपं जावं म्हणून गाडी रिव्हर्समध्ये बांधापर्यंत न्यायची, भरल्यावर त्याच चिखलातून पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर, इंचाइंचाने बाहेर काढायची. डांबरी रस्ता लागेपर्यंत प्लेटचं आयुष्य काही महिन्यांनी कमी झालेलं असतं. ड्रायव्हरला वास येतो तो मुरबाडच्या पुढे, वाहतूक कोंडीत, आणि मग तो कोंडीला शिव्या देतो.

क्लच आणि ब्रेक यांचे वास सारखेच का येतात, याचं उत्तर दोन्हींच्या अस्तरात आहे. साध्या क्लचप्लेटवरची आणि ब्रेक लायनरवरची घर्षणाची वस्तू तंतू, धातूचा चुरा आणि इतर भुकट्या फिनॉलिक राळेत बांधून केलेली असते. साधारण तीनशे अंशांच्या पुढे ही राळ मोडायला लागते आणि तो तिखट, घशात बसणारा वास सुटतो. नाक कितीही तयार असलं तरी या दोघांत फरक करताना फसतं. नुसत्या वासावर क्लच उतरवणाऱ्या मेस्त्रीकडे मी तरी गाडी देणार नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, हेही इथेच सांगायला हवं. ड्रम उघडला की पोरगा कॉम्प्रेसरच्या पाइपने धूळ उडवतो आणि सगळं गॅरेज ती हुंगतं. त्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायला कितीसा वेळ लागतो?

क्लचची परीक्षा मात्र सोपी आहे. मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढायचा, पायब्रेक दाबून धरायचा, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकायची, थोडी रेस देऊन क्लच सोडायचा. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं तर प्लेट पकडते आहे. घरघरत चालूच राहिलं तर प्लेट सरकते आहे, आणि परीक्षा ताबडतोब थांबवायची, कारण त्या काही सेकंदांतही ती जळतच असते. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, ही त्याच रोगाची रस्त्यावरची खूण.

इथपर्यंत सगळे येतात. पुढचं पाऊल कमी जण टाकतात. गिअरबॉक्स उतरवल्यावर जळकी प्लेट सगळ्यांना दिसते. ती का सरकली ते बघायला हवं. प्लेटवर तेलाचा ओशटपणा असेल, तर क्रँकचं मागचं ऑइल सील किंवा गिअरबॉक्सचं पुढचं सील गळतंय. सील न बदलता नवा क्लचसेट टाकला तर तोही ओला होऊन सरकणार. फ्लायव्हीलवर निळे-काळे डाग आणि बारीक चिरा असतील तर तो लेथवर घासून घ्यावा लागतो, किंवा बदलावा लागतो. पेडलला सुरुवातीचा मोकळा खेळ नसेल तर प्रेशर प्लेट कायम थोडी दाबलेली राहते, म्हणजे ड्रायव्हरने पाय काढला तरी गाडी हाफ क्लचवरच. हे काहीच सापडलं नाही, प्लेट नुसतीच कोरडी जळलेली निघाली, तर दोष पांदीतल्या चिखलाचा, मालाचा आणि डाव्या पायाचा. काही ड्रायव्हरांचा डावा पाय दिवसभर क्लचवर विसावलेला असतो. मेस्त्री ते तोंडावर सांगत नाहीत. पेडलच्या रबराची झीज बघतात आणि गप्प राहतात.

ब्रेकच्या वासाला नाकापेक्षा हात बरा, तोही जपून. वास आल्यावर गाडी सपाट जागी लावायची, चाकांना उटी द्यायची आणि प्रत्येक चाकाच्या डिस्कजवळ हात न टेकवता नुसता न्यायचा. चारही चाकं सारखी तापली असतील तर ड्रायव्हरने घाटात पाय उचललाच नव्हता. एकच चाक भाजत असेल तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही. तापमान दाखवणारी बंदूक आता स्वस्त झाली आहे आणि काही गॅरेजांत दिसतेही. एका ठिकाणी मात्र कोरोनाच्या काळातली, कपाळाचा ताप मोजायची बंदूक चाकावर रोखलेली पाहिली. ती माणसाच्या तापाच्या वर काही दाखवतच नाही. चारही चाकांना जास्त ताप, एवढंच निदान झालं.

एक चाक धरून बसलं की खरी मजा सुरू होते. चाक जॅकवर घ्यायचं, हाताने फिरवून बघायचं. फिरत नसेल तर व्हील सिलिंडरचं किंवा कॅलिपरचं एअर काढायचं निपल किंचित सैल करायचं. तेलाची चिळकांडी उडून चाक लगेच मोकळं झालं, तर तेलाचा दाब आत कोंडून राहिला होता. अशा वेळी मेस्त्री आधी रबरी होसकडे बघतो. जुना होस बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगतो. पायाच्या जोराने तेल पुढे जातं, पाय काढल्यावर परत येत नाही. निपल सोडूनही चाक आखडलेलंच राहिलं, तर दोष यांत्रिक: पिस्टन गंजला, स्प्रिंग तुटली, किंवा पावसाळ्यात हँडब्रेकची केबल गंजून अडकली. दोन मिनिटांची ही तपासणी केली तर चांगला कॅलिपर भंगारात जायचा वाचतो. चारही चाकं एकदमच सुटेनाशी झाली तर तेलाचा वास घ्यावा. कुणीतरी ब्रेक ऑइलच्या डब्यात इंजिन ऑइल नाहीतर पॉवर स्टिअरिंगचं तेल ओतलेलं असतं. खनिज तेलाने ब्रेकमधली रबरं फुगतात, आणि मग मास्टर सिलिंडरपासून सगळी रबरं बदलावी लागतात.

ब्रेकमध्ये किती उष्णता जिरते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. मालासकट तीन टनांची गाडी ५०० मीटर खाली उतरली, की जवळजवळ दीड कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. सगळी ब्रेकमध्ये गेली तर पन्नास लिटर पाण्याला आधण येईल. खालच्या गिअरमध्ये उतरलं तर यातला मोठा वाटा इंजिन पेलतं. न्यूट्रल टाकून उतरणारा ड्रायव्हर सगळा भार चार चाकांवर टाकतो, आणि तेही डिझेल वाचतंय या समजुतीने. आजच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेल बंदच होतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतं. ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगूनही पटत नाही, कारण न्यूट्रलमध्ये गाडी कशी सुळकन जाते ते दिसतं.

त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर वास ही धोक्याची शेवटची सूचना ठरू शकते. डॉट ३ प्रकारचं नवं तेल २०५ अंशांखाली उकळता कामा नये असं प्रमाण आहे. पाणी शोषलेल्या तेलासाठी तोच आकडा १४० आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. हे तेल हवेतली ओल सतत शोषत राहतं, म्हणजे माळशेजच्या धुक्यात आणि पावसात रोज जा-ये करणाऱ्या गाडीचं तेल दोन वर्षांत बदललंच पाहिजे. तेल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल फरशीला टेकतं. वासापासून त्या क्षणापर्यंत किती वळणं मिळतील हे कुणी सांगू शकत नाही. उतारावर जळका वास आला की जागा बघून थांबायचं, आणि तापलेल्या डिस्कवर पाणी ओतायचं नाही. डिस्क वाकतो किंवा तडकतो.

बाकीचे वास भराभर सांगता येतात. इंजिन ऑइल जळाल्याचा वास निळसर धुरासोबत येतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक होऊन तेल मॅनिफोल्डवर ठिबकतं. गोडसर वास कूलंटचा. त्यातलं ग्लायकॉल चवीलाही गोड आणि तितकंच विषारी असतं, त्यामुळे कुत्र्या-मांजरांच्या वाटेत ते सांडू देऊ नये. गिअर ऑइलमध्ये गंधकाची द्रव्यं असतात. मागून सडक्या लसणासारखा वास आला तर क्राऊन-पिनियनच्या हाउसिंगमधलं तेल कमी झालंय का ते बघावं. रबराचा वास बेल्टचा, पण बेल्ट बदलण्याआधी तो उतरवून अल्टरनेटरची आणि बाकीच्या पुल्या हाताने फिरवून बघाव्यात, कारण आखडलेल्या बेअरिंगवर नवा बेल्टही तसाच भाजेल. बॅटरीजवळ सडक्या अंड्याचा वास आला तर अल्टरनेटर जास्त चार्ज करतोय. इंजिन चालू असताना मीटरने साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टच्या आसपास दाखवायला हवं, पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला. आणि सगळ्यांत जास्त घाबरवणारा, सगळ्यांत निरुपद्रवी वास म्हणजे सायलेन्सरला चिकटलेल्या कॅरी बॅगचा. नव्या लायनरचा, नव्या क्लचप्लेटचा आणि ऑइल बदलताना सायलेन्सरवर सांडलेल्या तेलाचा वासही दोन दिवसांत आपोआप जातो. गॅरेजातून गाडी नेताना मेस्त्रीने एवढं सांगितलं तर रात्रीचे फोन वाचतील.

वायरिंगची गोष्ट मात्र भराभर सांगण्यासारखी नाही. गाडीला आग लावणारा वास हाच.

पिकअप विकत घेतली की ती सजते. मागे बोर्ड, बोर्डाभोवती रंगीत दिव्यांची माळ, हौद्याच्या कडेने पट्ट्या, टपावर दोन फोकस, केबिनमध्ये दणदणीत टेप, आणि बारा प्रकारचे सूर काढणारा हॉर्न. हे सगळं कंपनीच्या वायरिंगला कुठेतरी टोचून जोडलेलं असतं. त्यात घाटात दिसत नाही म्हणून हेडलाइटचे ६०/५५ वॅटचे बल्ब काढून १००/९० वॅटचे टाकले जातात. ते रस्त्यावर वापरायला परवानगी नाही ही गोष्ट सोडून देऊ, नुसता हिशेब पाहू. बारा व्होल्टवर साठ वॅटचा बल्ब पाच अँपियर ओढतो, शंभर वॅटचा आठच्या वर. वायरमध्ये उष्णता होते ती विजेच्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. बल्ब दीडपटीहून थोडा जास्त मोठा झाला आणि वायरमधली उष्णता झाली पावणेतीन पट. फ्यूज उडायला लागतो. निळा पंधराचा फ्यूज काढून पिवळा वीसचा, तोही उडाला की हिरवा तीसचा. शेवटी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार. त्यानंतर फ्यूज उडत नाही, वास येतो.

फ्यूज बल्बला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. ही एक गोष्ट गाडी सजवणाऱ्या दुकानांतून कुणी सांगत नाही. जाड फ्यूज टाकला की सर्किटमधली सगळ्यांत कमजोर जागा वायर होते, आणि ती वायर डॅशबोर्डामागे, पन्नास वायरींच्या जुडग्यात, टेपाखाली असते. पीव्हीसीचं आवरण तापलं की आधी प्लॅस्टिकचा तिखट वास येतो, मग डोळ्यांना झोंबणारा. त्यात हायड्रोजन क्लोराइड असतं. कधीकधी हा वास चक्क खारवलेल्या मासळीसारखा येतो. तो बहुधा तापलेल्या सॉकेटचा किंवा कनेक्टरचा. शेतकरी ड्रायव्हर मासळी कुणी नेली म्हणून हौदा धुऊन काढतो.

चांगला वायरमन सगळी वायरिंग फाडत बसत नाही. तो भार चालू ठेवून व्होल्ट कुठे सांडतात ते मोजतो. हेडलाइट लावायचे, मीटरची एक दांडी बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी दिव्याच्या अर्थिंगला. मीटरने अर्धा व्होल्ट दाखवला तर तेवढी वीज मधल्या गंजलेल्या बोल्टात उष्णता होऊन जाते आहे. सेल्फच्या बाबतीत हे फारच बोलकं होतं. डिझेल इंजिनचा सेल्फ सहज दोनशे अँपियर ओढतो. बॅटरीच्या सैल टर्मिनलवर अर्धाच व्होल्ट गळाला तरी तिथे शंभर वॅटची उष्णता झाली. इंजिन आणि चासी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी तुटली असेल, तर सेल्फची वीज परतीची दुसरी वाट शोधते, आणि ती वाट कधीकधी अॅक्सिलरेटरच्या लोखंडी केबलमधून जाते. केबलचं आवरण वितळतं, पेडल जड होतं. मालक केबल बदलतो. महिन्याभरात नवीही तशीच. केबल वारंवार जळते म्हणून कुणी बॅटरीची पट्टी तपासेल का? वासाची वेळ विचारणारा तपासतो, कारण हा वास फक्त सेल्फ मारताना येतो.

उपाय सांगायला अवघड नाही. जास्तीच्या दिव्यांना बॅटरीपासून वेगळी, पुरेशी जाड वायर, तिला बॅटरीजवळच फ्यूज, आणि मध्ये रिले, म्हणजे डॅशबोर्डाच्या बटणातून नुसता इशारा जातो. तापलेली वायर टेप गुंडाळून चालत नाही. आवरण कडक झालं असेल, आत तांबं काळं पडलं असेल, तर तेवढा तुकडा कापून नवा जोडायचा. पावसाळ्यात गोठ्याशेजारी लावलेल्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात; भुशाचं, चिंध्यांचं घरटं मॅनिफोल्डजवळ सापडतं. तेही जळतं. धूर दिसला तर आधी इंजिन बंद, सगळे खाली, आणि बॉनेट एकदम पूर्ण उघडायचं नाही, कारण हवा मिळाली की धुराची आग होते. धूर थोडा असेल आणि हात पोचत असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची. त्यासाठी दहा-अकराचा पाना केबिनमध्ये हवा, हौद्यात ताडपत्रीखाली नको.

नव्या गाड्यांनी एक नवाच वास आणलाय. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं आणि डिझेल पिकअपच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर बसला, ज्याला सगळे डीपीएफ म्हणतात. काजळी साठली की गाडी ती स्वतःच जाळते. त्यासाठी फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापतो, इंजिनचा आवाज बदलतो, पंखा जोरात फिरतो आणि तापल्या लोखंडाचा वास येतो. जुन्या गाडीवर शिकलेला ड्रायव्हर घाबरून किल्ली फिरवतो. जाळणं अर्धवट राहतं. असं वारंवार झालं की फिल्टर तुंबतो, गाडी जोर सोडते, आणि मग स्कॅनर लावून ते काम गॅरेजात करून घ्यावं लागतं. शिवाय अर्धवट राहिलेल्या प्रत्येक वेळी थोडं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर तेल वाढलेलं दिसलं की मालक खूश होतो, ते उलट चिंतेचं लक्षण. अशा वेळी वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवत राहणं हा इलाज, आणि गाडी वाळल्या गवतावर किंवा कडब्याजवळ उभी करायची नाही, हे पथ्य. इथे जुन्या मेस्त्रीचा अनुभव एकटा पुरत नाही, स्कॅनर लागतोच. पण स्कॅनरलाही पुढचा डिस्क का तापतो ते दिसत नाही.

त्याच डिस्कची गोष्ट. गाडी नारायणगावजवळच्या एका शेठची, टोमॅटो आणि कांद्याच्या भाड्यावर फिरणारी. माळशेज उतरताना पुढून जळका वास. पुढचे पॅड बदलले. थोड्याच खेपांत ते काळे पडून तडकले. डिस्क घासून आणले, मग नवे टाकले. कॅलिपरचं किट झालं, ब्रेक ऑइल झालं, होसही झाले. जे जे तापत होतं ते ते सगळं बदलून झालं होतं. गाडी आळेफाट्याला आली तेव्हा मालकाची खात्री होती की पार्ट डुप्लिकेट मिळतायत.

मेस्त्रीने पुढची चाकं उघडलीच नाहीत. वास भरल्या गाडीलाच येतो, उतारालाच येतो, आणि पुढच्या दोन्ही चाकांचा सारखाच येतो, एवढं ऐकून त्याने मागचं चाक खोललं. ड्रम निघाला आणि आत लायनर जवळपास नवेकोरे. पुढचे पॅड सटासट संपत असताना मागचे लायनर झिजलेच नव्हते. मग तो गाडीखाली सरपटला आणि मागच्या कमानीचे पाटे मोजले.

बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकसाठी एक लोड व्हॉल्व्ह असतो. त्याचा रॉड किंवा स्प्रिंग चासीपासून अॅक्सलपर्यंत गेलेली असते. माल भरला, पाटे दबले, चासी खाली आली, की रॉड हलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दाब कमी, नाहीतर हलकी मागची चाकं ब्रेकबरोबर आखडून गाडी फिरेल. व्हॉल्व्हला वजन कळत नाही, त्याला फक्त उंची कळते. या गाडीच्या मागे जास्तीचे पाटे टाकले होते, जास्त थर लावले तरी गाडी बसू नये म्हणून. त्यामुळे गाडी बसत नव्हती. अडीच टन माल असतानाही व्हॉल्व्हच्या मते गाडी रिकामी होती. मागचे ब्रेक नावापुरते, आणि सगळा घाट पुढचे दोन डिस्क उतरवत होते.

पाटे टाकणं हा फाट्यावरचा उघडा धंदा आहे आणि त्याला कुणी दुरुस्ती बिघडवणं समजत नाही. गाडी मजबूत केली असंच म्हणतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालाला वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, असं आहे. पण दबलेली गाडी लांबून ओळखू येते, न दबलेली येत नाही. पाटा वजन पेलायला टाकतात तसा तो वजन लपवायलाही टाकतात. भाडं क्रेटवर मिळतं. डिझेल, टोल आणि ड्रायव्हरची रात्र साठ क्रेटला तेवढीच आणि शंभर क्रेटलाही साधारण तेवढीच. वरच्या क्रेटचे पैसे निव्वळ नफ्याचे दिसतात, कारण पॅडचा, डिस्कचा आणि टायरचा खर्च त्याच खेपेच्या वहीत लिहिला जात नाही. तो गॅरेजच्या वहीत जातो, उधारीवर. मला विचाराल तर या तालुक्यातल्या जळक्या वासांपैकी फार थोडे गाडीचे आहेत. बाकीचे या दोन वह्या वेगळ्या ठेवण्याचे आहेत.

शेठनी सगळं नीट ऐकलं. मग म्हणाले, 'मेस्त्री, रॉड जरा वढून द्या की. मागं दाब जाईल, काम झालं.'

सुचवलेलं अगदीच चुकीचं नव्हतं. रॉड ओढून बांधला की मागचे ब्रेक लागतात. असे बांधलेले रॉड रस्त्यावर भरपूर आहेत. फक्त मग गाडी कायमची भरलेली समजली जाते. कल्याणला माल उतरवून रिकामी गाडी पावसात परत घाट चढते, पुढे आळेफाट्याकडे उतार-वळणं घेत येते. तिथे एखाद्या म्हशीसाठी करकचून ब्रेक मारला, तर मागची दोन्ही चाकं आखडून मागचा भाग आधी पुढे येणार.

'तसं नाय करत मी, शेठ. पाटा काढा, मग कंपनीच्या मापाला लावून देतो.'

'मग माल?'

'बसंल तेवढा.'

बराच वेळ चहा झाला, फोन झाले. शेवटी गाडी रस्त्यापलीकडच्या पाटेवाल्याकडे गेली. ज्याने पाटे चढवले होते त्यानेच उतरवले, चढवण्याइतकेच पैसे घेऊन. मेस्त्रीने पुस्तकातल्या मापाला रॉड लावला, मागच्या ब्रेकची एअर काढली, पुढे नवे पॅड टाकले. कागदाइतकाच माल भरून गाडी घाट उतरून आली. मेस्त्रीने चारही चाकांवरून हात फिरवला, मागची पुढच्यांच्या जवळपास तापली होती, वास नव्हता. बिलातले पाचशे सवयीप्रमाणे कमी झाले.

काढलेले पाटे भिंतीला टेकून उभे होते. भंगारवाल्याला देऊ का, असं पोराने विचारलं.

'नको नको,' शेठ म्हणाले, 'हौद्यात टाक. कांद्याला लागतील.'